जेवलेली बुटकी एकदा उठते

नॉर्बनं ते पुस्तक आणून सरळ बटाट्याच्या सॅलडशेजारी ठेवलं, तेव्हाच अर्डिस फेनस्केला कळलं की हा गुरुवार काही धड जायचा नाही. तिच्या टेबलावर सॅलडशेजारी मोहरीच्या पिवळ्या सॉसची बाटली असते, दुसरं काही नाही. हे सगळ्या ओटरबाख गावाला ठाऊक. नॉर्ब यागेल्लो तर कुंपणापलीकडेच राहतो, तेव्हा त्याला माहीत नसल्याचं सोंगही आणता येत नव्हतं.

पुस्तक जाडजूड, गुळगुळीत, अजून छापखान्याचा वास न गेलेलं. मुखपृष्ठावर ड्रॅगन होता. जुन्या पुस्तकातला ड्रॅगन कसा, गटारातून आल्यासारखा दिसायचा. हा दात घासून, केस विंचरून शाळेच्या फोटोला उभा राहिल्यासारखा.

"हे काय आणलंस?" अर्डिसनं विचारलं.

"नवी आवृत्ती," नॉर्ब म्हणाला. सुनेला मुलगा झाल्याचं सांगावं तशा सुरात.

ज्यांच्या घरात अजून हे वेड शिरलेलं नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं, की 'कंदील आणि काळोख' हा टेबलावर बसून खेळायचा खेळ आहे. एक जण सूत्रधार होऊन गोष्ट सांगतो. बाकीचे एकेक सोंग घेऊन त्या गोष्टीत शिरतात. कोणी जादूगार, कोणी चोर. भुयारात उतरायचं, राक्षस मारायचे, आणि मारणं जमलं की नाही हे फासे टाकून ठरवायचं. मोठी माणसं हे करतात. नॉर्ब पोस्टमन म्हणून पेन्शनीत निघालाय आणि गुरुवारी संध्याकाळी तो जादूगार असतो. पोस्टात असताना त्यानं एवढ्या उत्साहानं कोणाचं पार्सल पोहोचवल्याचं ऐकिवात नाही.

अर्डिस या खेळाच्या बारशाला जेवलेली. तिचा नवरा रोली सूत्रधार होता. एकदा एक माणूस कमी पडला म्हणून त्यानं तिला भांड्यांपासून ओढून आणलं, "अर्धाच तास बस" म्हणून. तो अर्धा तास गावातल्या बऱ्याच लग्नांपेक्षा जास्त टिकला. रोली गेला, सूत्रधाराची खुर्ची मुलाकडे, ड्वेनकडे आली. अर्डिस आपल्या जागी कायम. तिचं सोंग म्हणजे हेल्गा, भुयारात राहणारी बुटकी बाई, हातात लोखंडी तवा. बाकीचे तलवारी घेऊन फिरायचे. हेल्गानं आजवर जेवढी डोकी फोडली तेवढी त्या तलवारींनी निदान खरवडली असती तरी पुष्कळ झालं असतं.

खेळाचं पुस्तक अर्डिसनं कधी वाचलं नाही. आठवीनंतर शाळा सोडून ती वाटाणे डबाबंद करायच्या कारखान्यात लागली, आणि बारीक टाईप हा हाताला काम नसलेल्या लोकांसाठी असतो असं तिचं तेव्हापासूनचं मत. रोली पुस्तक उघडून वाचायचा, ती ऐकायची. एकदा ऐकलं की झालं, दगडावरची रेघ. सगळ्यांत पक्का नियम हा, की जेवलेली बुटकी मेली तरी एकदा उठते, उपाशी असली तर उठत नाही. या नियमाच्या जोरावर हेल्गा कोळ्याच्या विषानं मेली आणि उठली, विहिरीत पडून मेली आणि उठली, आणि एकदा नॉर्बनं नको ते दार उघडलं म्हणून मेली, तेव्हा तर उठून तिनं आधी नॉर्बलाच हाणलं. अर्डिस दर गुरुवारी खेळाच्या आधी सगळ्यांना पोटभर का वाढायची, हे आता वेगळं सांगायला नको.

"बुटक्यांचं काय लिहिलंय यात?" तिनं विचारलं.

मार्सी हरखून पुढं सरकली. मार्सी दंतवैद्याकडे कामाला, मंडळीत सगळ्यांत तरुण, खेळात चोर. "खूप सोपं केलंय, मिसेस फेनस्के! आणि खेळाआधी प्रत्येकानं सांगायचं, कोणाला काय नकोय ते. म्हणजे कोणाचं मन दुखायला नको."

"मला नॉर्बचं बोलणं नकोय."

"तसं नाही हो, खेळातलं काही."

"खेळातच तर बोलतो तो. एरवी कुंपणाला टेकून नुसता बघत असतो."

नॉर्बनं चष्मा लावून पानं उलटली. "हं. बुटके. विष बाधत नाही, अंधारात दिसतं, दगडाची पारख. संपलं."

"उठण्याचं बघ."

"नाही उठण्याचं."

"नीट बघ. डोळ्यांत फुलं पडलीत तुझ्या."

"अर्डिस, मी हे पुस्तक दोनदा वाचलंय. उठणं नाही. मेली की मेली. माणसं मरतातच."

"माणूस नाही ती. बुटकी आहे."

मग नॉर्बनं ती चूक केली जी त्या घरात रोलीनंसुद्धा कधी केली नव्हती. त्यानं मत घेऊ या म्हटलं. स्वतःचा हात वर केला. मार्सीनं भीत भीत केला. ड्वेन बटाट्याकडे बघत होता. हा ड्वेन हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ ढकलायची गाडी चालवतो, आणि अडचण आली की आभाळाकडे बघायची त्याला सवय आहे. घरात आभाळ नव्हतं म्हणून त्यानं छताकडे बघितलं आणि हात खांद्यापर्यंत नेला. खाजवतोय की मत देतोय, ते ज्याचं त्यानं समजून घ्यावं.

"या घरात मतदान होत नाही," अर्डिस म्हणाली.

"मग पुढचा गुरुवार माझ्या गॅरेजात," नॉर्ब म्हणाला. म्हणून झाल्यावर त्याचं त्यालाच आश्चर्य वाटलं असावं, पण तोंडातून गेलेला शब्द आणि पोस्टातून गेलेलं पाकीट, दोन्ही परत येत नाहीत, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक.

"तू कुठं बसणारेस?" अर्डिसनं मुलाला विचारलं.

"आई, एकदा बघायला काय हरकत आहे?"

अर्डिसनं सॅलडच्या भांड्यावर कच्चकन झाकण लावलं. त्या रात्री कोणाच्याही हातात घरी न्यायला डबा दिला नाही. ओटरबाखमध्ये पोपनं वाळीत टाकलं तर एकवेळ माणूस सावरेल, पण अर्डिस फेनस्केनं रिकाम्या हातानं दारातून काढलं तर गावात ते आठवडाभर पुरतं.

आता खरं काय ते सांगायचं तर बुटकीचं दुःख तेवढं मोठं नव्हतं. रोली गेल्यापासून ड्वेन तिच्या घरी दोनच कारणांनी यायचा, घर गरम ठेवणारी भट्टी बंद पडली तर आणि गुरुवार असला तर. भट्टी नवी बसवली होती. गुरुवारही कुंपण ओलांडून गेला, तर बुधवारचं कपडे धुणं आणि शुक्रवारची तळलेली मासळी यांच्या मध्ये नुसतं भोक उरणार होतं. पण असं बोलून दाखवायची तिची रीत नाही. तिनं गावभर सांगितलं ते हेल्गाचंच.

गावानं सल्ले दिले. मटणाच्या दुकानातला म्हणाला, नॉर्बला सॉसेज देणं मी बंद करू का. औषधाच्या दुकानातली म्हणाली, नवंही शिकून घ्यावं माणसानं, मेंदूला बरं असतं. अर्डिसनं तिला विचारलं, तुझ्या मेंदूला बरं वाटलं का मग, आणि तिथून खोकल्याचं औषध न घेताच निघाली. फादरनी क्षमा करायला सांगितलं. क्षमा करायला तिची ना नव्हती, पण आधी नॉर्बनं मागायला नको का.

खरा कामाचा सल्ला लिओटानं दिला. लिओटाच्या दारूच्या गुत्त्यात मंगळवारी शीप्सहेड चालतो. हा पत्त्यांचा खेळ आमच्याकडे जर्मन लोकांनी आणला आणि भांडणं इथंच तयार केली. भागीदार चौकटच्या गुलामानं ठरवायचा की एक्का बोलावून, यावरून दोन सख्खे भाऊ बापाच्या मयताला चर्चच्या दोन वेगळ्या दारांनी आले होते.

"मी काय केलं?" लिओटा ग्लास पुसत म्हणाली. "दोन टेबलं केली. गुलामवाले इकडे, एक्केवाले तिकडे. दोघंही माझीच दारू पितात. तू चर्चचा हॉल घे. जुन्या आवृत्तीवाल्यांना बोलाव. आसपासच्या गावांत तुझ्यासारखे पुष्कळ असतील."

"माझ्यासारखं कोणी नाही."

"बरं बाई, तुझ्याहून कमी असतील. पण हॅम ठेवलंस तर येतील. ते गॅरेजातले तिघं खिडकीतून बघतील आणि गुपचूप परत येतील."

अर्डिसला हे पटलं. गुरुवारी हॉल, जुनी आवृत्ती, हॅम. एवढं साधं काम.

हॉलचा कारभार बर्नाडीनकडे. बर्नाडीन म्हणजे चर्चच्या कचेरीतली बाई. देवाच्या आणि माणसाच्या मध्ये जे टेबल आहे त्यावर ती बसते, आणि तिच्या मते ते टेबल फार महत्त्वाचं आहे.

"खेळात सैतान आहे का?" बर्नाडीननं विचारलं.

"एक होता. हेल्गानं मारला तव्यानं."

"मेला?"

"जेवला नव्हता."

बर्नाडीननं यावर काही लिहिलं नाही. "फासे आहेत का?"

"आहेत की. वीस बाजूंचेसुद्धा आहेत."

"मग जुगार झाला. जुगाराला सरकारी परवाना लागतो. आपण बिंगोला काढतो तसा." आणि तिनं फोन पुढं सरकवला.

सरकारी कचेरीतल्या माणसाचा आवाज झोपेतून उठून पुन्हा झोपायला निघाल्यासारखा होता. त्यानं विचारलं, जिंकणाऱ्याला काय मिळतं. अर्डिस म्हणाली, काही नाही, यात कोणी जिंकत नाही. मग लोक खेळतात कशाला, त्यानं विचारलं. हा प्रश्न अर्डिसलाही सुरुवातीची काही वर्षं पडला होता. पण परक्या माणसापुढं ती तसं कशाला दाखवील? ती म्हणाली, जेवायला मिळतं ना. "काय मिळतं?" हॅम सँडविच. मग तो म्हणाला, फासे टाकून हॅम मिळत असेल तर हॅम हे बक्षीस धरावं लागेल, आणि मांसाच्या बक्षिसाचा परवाना निराळा. तिनं सांगितलं, फासे न टाकणाऱ्यालाही मिळेल. तो म्हणाला, मग ते फुकटचं अन्नदान, त्याला आरोग्य खात्याचा माणूस येऊन हॉलचा फ्रिज बघून जाईल, वसंतात.

अर्डिसनं फोन ठेवला. "पुरलेलं माणूससुद्धा उठून येईल एवढ्या वेळात."

बर्नाडीननं पेन्सिल कानामागून काढली. बायका भांडतात त्या भांडतात, पण सरकार मध्ये आलं की एक होतात. "मयताच्या जेवणाला," ती हळूच म्हणाली, "परवाना लागत नाही. ना हॉलचं भाडं, ना फ्रिज बघायला माणूस. मयत काय सांगून येतं का?"

"कोणाचं मयत?"

"तूच बघ. तुझी ती कोण गेली म्हणतेस ना?"

अशा रीतीनं रविवारच्या चर्चच्या पत्रकात छापून आलं: 'गुरुवारी दुपारी चारला, हेल्गा हिच्या स्मरणार्थ. हॅम सँडविच. कंदील आणि काळोख, जुनी आवृत्ती. सर्वांना निमंत्रण.' 'कंदील आणि काळोख' लोकांना बायबलातलं वाटलं.

आता ओटरबाखमध्ये मयताचं जेवण म्हणजे काय हे ज्याला कळत नाही त्याला हे गाव कळायचं नाही. इथं मेलेला कोण हे बघायला लोक थांबत नाहीत. हॅम कोण करतंय ते बघतात, आणि आपला झाकलेला ताट-डबा घेऊन निघतात. गुरुवारी चारच्या आधीच हॉलबाहेर गाड्या लागल्या. काळे कोट घातलेल्या बायका बीन्सचे, मॅकरोनीचे, लाल जेलीत फळं थिजवलेले डबे घेऊन आत आल्या आणि एकेक करून अर्डिसचा हात धरू लागल्या.

"फार वाईट झालं गं. जवळची होती का?"

"एका टेबलावर बसायचो."

"कशानं गेली?"

"नवी आवृत्ती आली," अर्डिस म्हणाली.

"हो, हल्ली त्याचीच साथ आहे. माझी नणंद पण त्यातच गेली."

एका म्हातारीनं विचारलं, झोपेत गेली का. अर्डिस म्हणाली, नाही, या आधीही बऱ्याचदा गेली होती. म्हातारीनं डोळे टिपले. "चिवट होती म्हणजे. जुनी माणसं."

हे झाले शोक करणारे. खेळणारेही आले, लिओटा म्हणाली होती तसेच, आसपासच्या गावांतून. बहुतेक दाढीवाले, काखेत आपापलं पुस्तक, तान्ह्या पोरासारखं पंच्यात गुंडाळलेलं. अर्डिसला भरून आलं. तिनं मधलं मोठं टेबल पुसून ठेवलं होतं. "या, बसा. जुनी आवृत्ती."

"कुठली जुनी?" पहिल्यानं विचारलं. त्याचं पुस्तक निळ्या कव्हरचं.

"कुठली म्हणजे? जुनी. नॉर्बची नाही ती."

"निळी ती खरी," तो म्हणाला. "लालनंतर खेळ नासला."

"लालनंतर?" लाल पुस्तकवाला उसळला. "लालनंच तर निस्तरला तुमच्या निळ्यानं घातलेला गोंधळ!"

तिसऱ्याकडे पुस्तकच नव्हतं, झेरॉक्स होत्या. त्याच्या मते छापून आला तेव्हाच खेळ बाटला. चौथी एक बाई होती, लोकरी टोपी घातलेली. ती म्हणाली, लालच, पण पहिल्या छपाईची, दुसऱ्या छपाईत अस्वलाचे पंजे बदलले. आणि त्या अस्वलाच्या पंज्यावरून जे पेटलं ते शोक करायला आलेल्या बायका मॅकरोनी खायच्या थांबून ऐकू लागल्या. जरा वेळानं अर्डिस बघते तो काय, मधलं मोठं टेबल रिकामं. चौघं चार टेबलांवर एकेकटे, आपापल्या पुस्तकावर कोपर ठेवून, दुसऱ्याकडे पाठ करून तिचं हॅम खातायत. नव्या आवृत्तीला शिव्या घालायला सगळे एक, आणि जुनी म्हणजे कुठली म्हटलं की प्रत्येक जण आपल्या घरचा पोप.

"खेळणार आहात की नुसतंच गिळणार आहात?" अर्डिसनं विचारलं.

"त्याच्या नियमानं नाही," चौघंही म्हणाले. एवढ्या एका वाक्यावर मात्र त्यांचं एकमत झालं.

"मेलं तुमचं अस्वल! मला एवढंच दाखवा," ती म्हणाली, "की जेवलेली बुटकी एकदा उठते, हे तुमच्यातल्या कोणाच्या पुस्तकात आहे. ते पुस्तक खरं. बाकीच्यांनी आपापलं मिटवून मध्ये येऊन बसायचं."

हा न्याय त्यांना मान्य झाला. प्रत्येकाला वाटलं आपल्यातच सापडणार. पानं उलटू लागली. निळं, लाल, झेरॉक्स, पहिली छपाई. बुटके सापडले. जेवण सापडलं, तेही भुयारात किती दिवस टिकतं एवढंच. उठणं कुठंच नाही.

"बाई," लोकरी टोपीवाली शेवटी म्हणाली, "हा नियम कुठल्याच आवृत्तीत नाही. तुम्हाला हा कोणी सांगितला?"

"सांगितला नाही. वाचून दाखवलाय. माझ्या नवऱ्यानं, पुस्तकातून."

चौघांनी एकमेकांकडे बघितलं. त्या दिवसात पहिल्यांदा. निळा दाढी खाजवू लागला, लालनं सँडविच खाली ठेवलं. त्या भांडखोरांतल्या एकानंही तोंड उघडलं नाही, आणि हेच अर्डिसला सगळ्यांत जास्त झोंबलं. तिला कोणी खोटं म्हटलं असतं तर तिच्याकडे उत्तर होतं. कीव केल्यावर काय द्यायचं ते तिच्या घरात कधी शिजलं नव्हतं.

तिला ती संध्याकाळ आठवली. अर्धा तास बस म्हणालेला रोली, आणि भुयारात पाय ठेवल्या ठेवल्या मेलेली हेल्गा. अर्डिस खुर्ची मागं सारून उठली होती. "झालं ना? माझी भांडी पडलीत." रोली म्हणाला होता, थांब, थांब, बुटक्यांचं काहीतरी आहे. आणि पुस्तक हातभर लांब धरून पानं चाळत राहिला होता, बराच वेळ. मग त्यानं विचारलं, "तू जेवलीस का?" तिला तेव्हा वाटलं होतं, टाईप बारीक आहे म्हणून वेळ लागतोय.

मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, ही त्याच्या मरणातली सगळ्यांत मोठी गैरसोय. इतकी वर्षं तिला बनवलं! तिनं दहा गावांत नाक वर करून सांगितलेला नियम, तो घरच्या चुलीवर शिजलेला! बरं, ती ज्याच्यासाठी नॉर्बशी भांडली, हॉल घेतला, सरकारला फोन केला, एका न जन्मलेल्या बाईला मारलं, ती जुनी आवृत्ती तिच्या घरात कधी खेळलीच गेली नव्हती. तिच्या घरात खेळली गेली ती रोलीची. तिची एकच प्रत, आणि ती पुरून झालेली.

अर्डिसनं उरलेलं हॅम कागदात गुंडाळलं, सॅलडचं भांडं काखेत मारलं, मोहरीची बाटली कोटाच्या खिशात. लिओटाला म्हणाली, "यांना पत्ते खेळायला लाव." लिओटानं आधीच पत्ते काढले होते. निळा आणि लाल शोक करणाऱ्या दोन बायकांबरोबर बसले होते आणि चौकटच्या गुलामावरून आवाज चढायला लागला होता. त्यांचं बरं चाललं होतं.

नॉर्बच्या गॅरेजाच्या दाराखालून वारा शिरतो. घासलेटचा एक हीटर मध्ये ठेवून तिघं कोट-हातमोज्यांत बसली होती. हातमोजे घालून फासे टाकता येत नाहीत, काढले तर बोटं गारठतात. टेबलावर बटाट्याच्या वेफर्सची पिशवी आणि नॉर्बचं ते नवं कोरं पुस्तक. अर्डिस दाराशी थांबली. ऐकायला नव्हे. हात भरलेले होते म्हणून. पण ऐकू आलं.

"चोर मेला," ड्वेन म्हणत होता. "सॉरी, मार्सी." मग तोच म्हणाला, "जेवली होतीस का?"

"वेफर्स खाल्ले," मार्सी म्हणाली.

"वेफर्स म्हणजे जेवण नाही," नॉर्ब म्हणाला.

"तुझ्या पुस्तकात जेवणाचं काही आहे का?"

"नाही. मी आपलं बोललो. सवयीनं."

अर्डिसनं पायानं दार ढकललं. तिघंही पोरं चोरी करताना सापडावीत तशी सरळ झाली. तिनं हॅम टेबलावर ठेवलं, सॅलड ठेवलं, शेजारी मोहरी ठेवली.

"कसं झालं मयत?" नॉर्बनं विचारलं. पत्रक त्याच्याकडेही आलं होतं.

"गर्दी होती. तुझ्या वेळेला एवढी होईल असं वाटत नाही. दे ते पुस्तक इकडे."

नॉर्बनं दिलं. चष्मा तिनं पर्समध्येच ठेवला. पुस्तक हातभर लांब धरलं आणि पानं चाळू लागली, सावकाश. एकदा मागं गेली, एकदा पुढं. गॅरेजात हीटरची फुरफुर तेवढी.

"हे बघ," ती म्हणाली. "जेवलेली बुटकी एकदा उठते."

"अर्डिस, मार्सी बुटकी नाही. चोर आहे."

अर्डिसनं आणखी एक पान उलटलं. "चोरालाही चालतं. हॅम असेल तर."

"कुठल्या पानावर?" नॉर्बनं हात पुढं केला. त्यानं ते पुस्तक आता तीनदा वाचलं होतं.

"मला दिसतंय इथून," ड्वेन म्हणाला. तो टेबलाच्या पलीकडच्या टोकाला होता आणि त्याच्याकडे पुस्तकाची पाठ होती. "बरोबर आहे, नॉर्ब. बाबांच्या पुस्तकातही तिथंच होतं."

नॉर्बनं ड्वेनकडे बघितलं, मग हॅमकडे. जन्मभर बंद पाकिटं वाहिलेल्या माणसाला काय उघडायचं नाही ते कळतं. त्यानं हात मागं घेतला.

अर्डिसनं पुस्तक खाली ठेवलं. "तुला ठाऊक होतं?"

"आई, मी शाळेत जात होतो. मला वाचता यायचं."

"कधीपासून ठाऊक आहे?"

"त्याच दिवसापासून. बाबांच्या खुर्चीमागं उभा होतो. त्या पानावर खेचराला किती ओझं पेलतं त्याचा तक्ता होता."

"आणि गप्प राहिलास. इतकी वर्षं."

ड्वेननं वर बघितलं. गॅरेजालाही छत होतं. "तू परत खाली बसलीस ना," तो म्हणाला.

अर्डिसनं मार्सीच्या हातात सँडविच दिलं. "खा आधी. मेलेल्यानं फार वेळ थांबू नये." मार्सीनं हातमोजे काढले, चार घास खाल्ले आणि चोर उठला. मग अर्डिस म्हणाली, इथं सॅलड गोठतंय, आणि सगळ्यांनी आपापला कोट आवरला, म्हणजे तसे ते कोटातच होते. नॉर्बनं हीटर विझवला. कुंपणात मधेच एक फळी गेलेली आहे. रोलीनं ती कधी बसवली नाही, नॉर्बनंही नाही. चौघं तिथूनच पलीकडे गेली.

तह असा झाला की आवृत्ती नवी, टेबल अर्डिसचं. बुटक्यांना विष बाधत नाही हे हेल्गानं वरून ठेवून घेतलं. फुकटचं येतंय तर नाही कशाला म्हणा. कोणाला काय नको याची चौकशीही सुरू झाली. मार्सीनं ती खेळाआधी विचारली आणि अर्डिसनं नॉर्बचं नाव सांगितलं, दर वेळी सांगते. चर्चमध्ये मात्र पुढचे काही रविवार हेल्गाच्या आत्म्यासाठी प्रार्थना चालू राहिली, कारण कोणीतरी तसं बर्नाडीनकडे लिहून गेलं होतं आणि बर्नाडीनच्या वहीत एकदा गेलेलं नाव फादरलाही काढता येत नाही. अर्डिस पहिल्या बाकावर बसून आमेन म्हणायची. न जाणो, उपयोगी पडली तर.

पण ते पुढचं. त्या संध्याकाळी सगळे आपापल्या खुर्चीत बसले, तेव्हा नॉर्बनं पुस्तक हातातच धरून ठेवलं होतं, कुठं ठेवू न कळून.

"ठेव की," अर्डिस म्हणाली. "सॅलडशेजारी जागा आहे."

त्यानं ठेवलं. तिनं हॅमवर मोहरी घातली, बाटली खाली ठेवताना बाटलीच्या तोंडावरचा एक पिवळा थेंब निघाला आणि बरोब्बर त्या दात घासलेल्या ड्रॅगनच्या नाकावर पडला. नॉर्ब कळवळला. खिशातून रुमाल काढून पुसायला वाकला.

"पुसू नकोस," अर्डिस म्हणाली. "आता कुठं या घरातलं दिसायला लागलंय."